मास्तरांचा जर्मन कॅमेरा

२०२४ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. रविवार होता. अमरावतीत पाऊस नुकताच लागला होता आणि आम्ही वस्तीतील वाचनालयाच्या जमाखर्चाची वही घेऊन ओसरीत बसलो होतो. इतक्यात फोटोवाल्या मास्तरांच्या पत्नी दारात येऊन उभ्या राहिल्या. वस्तीतील लहानथोर त्यांना मावशी म्हणतात, आम्हीही म्हणतो. पदराखाली झाकून आणलेला एक कातडी डबा त्यांनी आमच्या वहीवरच ठेवला.

"भाऊ, हा कॅमेरा तुमीच पाहा. त्यायनं सांगतलं होतं, जर्मनीचा हाय, लाखाची चीज हाय, अडीनडीले इकजो म्हने. आता अडलंच हाय."

मास्तरांना जाऊन वर्ष झाले होते. अडले होते ते नातीच्या शिक्षणावाचून. मुलगी बारावी झाली, नर्सिंगच्या जी.एन.एम. अभ्यासक्रमाला तिचा नंबर लागत होता, परंतु पहिला हप्ता पंचेचाळीस हजारांचा आणि तो महिनाअखेर भरायचा. शिष्यवृत्ती मिळते, पण ती मागाहून. मुलीचे वडील डाळमिलमध्ये हमाली करतात. त्यांनी पतसंस्थेत कर्जाचा अर्ज दिला होता, जामीनदाराचा शोध चालला होता.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. टिनाच्या खोलीतील त्यांचा स्टुडिओ, मागे रंगवलेला एक पडदा, पुढे एक स्टूल. लग्न, साक्षगंध, नामकरण, परीक्षेच्या फॉर्मचे फोटो, हा त्यांचा धंदा. वस्तीतील दोन-चार पोरांना त्यांनी डार्करूमचे काम शिकवले, म्हणून ते मास्तर. धंद्याचे फोटो ते याशिकावर काढत. हा छोटा कॅमेरा मात्र धंद्याचा नव्हता. १४ एप्रिलला, विजयादशमीला किंवा मनाला येईल तेव्हा तो कातडी डब्यातून बाहेर निघे. त्यात ते उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' ही कृष्णधवल फिल्म भरत आणि रात्री घरीच धूत. तो कारखानाही आता बंद पडला आहे.

कॅमेरा हातात घेतला आणि आम्हाला आमचे कॉलेजचे दिवस आठवले. मुठीत मावेल एवढा, पण चांगला वजनदार. वर दोन-तीन चकत्या, पुढे आत ढकलता येणारी पितळी नळी आणि तिच्या टोकाला भिंग. मागच्या बाजूला शेजारी शेजारी दोन बारक्या खिडक्या. फोटो काढताना मास्तर आधी एका खिडकीला डोळा लावत, भिंगाची कडी हळूहळू फिरवत, मग डोळा उचलून दुसऱ्या खिडकीला लावत आणि मगच बटण दाबत. आम्ही पोरे हसायचो. मास्तरले एकदा पाहून दिसत नाही, दोनदा पाहा लागते, असे म्हणायचो.

हसण्यासारखे त्यात काही नव्हते हे आता कळते. अशा कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात, म्हणजे अंतर मापणारा. एका खिडकीतून समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठळक आणि एक फिकट, जशा डोळा दाबल्यावर दिसतात. भिंगाची कडी फिरवली की फिकट प्रतिमा सरकू लागते. दोन्ही एकमेकींवर बरोबर बसल्या की अंतर जुळले, फोटो स्वच्छ येणार. दुसरी खिडकी फक्त चौकट पाहण्याची. आपले दोन डोळे ज्या युक्तीने जवळचे-लांबचे ओळखतात, तीच युक्ती पितळात बसवलेली.

कॅमेऱ्याच्या माथ्यावर निळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता, वर्षानुवर्षांच्या घामाने कडक झालेला. मावशी गेल्यावर आम्ही तो नखाने सोलला. खाली वळणदार अक्षरांत 'लायका' हे नाव, त्याखाली लाइट्झ, वेट्झलार आणि एक नंबर कोरलेला. बाजूलाच पंख पसरलेला गरुड आणि त्याच्या पायाशी हिटलरच्या पक्षाचे वाकडे स्वस्तिक.

आम्ही दचकलो. मग मोबाईल उघडला.

वाचकहो, इथे आमची चूक झाली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आम्ही बी.कॉम. आहोत, वीस वर्षे कारकुनी करतो. पावती पाहिल्याशिवाय आकडा लिहू नये, हे वाचनालयाच्या पोरांना आम्हीच शिकवतो. परंतु मोबाईलवर जर्मन सैन्याचा शिक्का असलेल्या लायकांच्या किमती पाहिल्या आणि आमचे डोळे फिरले. कोठे दीड लाख, कोठे अडीच लाख. पत्नी म्हणाली, आधी कोणा जाणत्याला दाखवा, मग बोला. आम्ही ऐकले नाही. संध्याकाळीच मावशींकडे गेलो आणि दीड लाख तर कोठे गेले नाहीत, असे सांगून चहा पिऊन आलो. दुसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांनी पतसंस्थेतून कर्जाचा अर्ज परत घेतला.

पुढचे आठ दिवस आम्ही जेवणाच्या सुटीत लायकाचा इतिहास वाचला. सांगण्यासारखा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

जर्मनीत वेट्झलार नावाचे गाव आहे. तेथे एर्न्स्ट लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शक बनवण्याचा कारखाना होता. त्यात ऑस्कर बार्नाक नावाचे कारागीर होते. त्यांना दम्याचा त्रास. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई आणि काचेच्या पट्ट्या असा संसार, तो पाठीवर घेऊन डोंगर चढताना त्यांचा जीव घाबरा होई. त्यांनी डोके लढवले. सिनेमाची फिल्म उभी धावते, ती आडवी चालवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट केली, ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच. १९१४ च्या सुमारास पहिला नमुना तयार झाला, मग महायुद्ध आले. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा लोकांपुढे आला. लाइट्झचे 'लाय' आणि कॅमेराचे 'का' मिळून लायका. अंतर मापण्याची खिडकी भिंगाला जोडलेली असा लायका १९३२ साली निघाला. त्याच साली झाइस कंपनीचा कॉन्टॅक्स हा त्याचा प्रतिस्पर्धीही बाजारात उतरला. दोन खिडक्यांची एक खिडकी लायकाने केली ती १९५४ साली, एम-३ या नमुन्यात.

एका दम्याच्या माणसाच्या गरजेतून निघालेली ती फिल्मची चौकट पुढे सगळ्या जगाची झाली. आपल्या घरात कपाटात पडलेल्या रंगीत फोटोंच्या निगेटिव्ह काढून पट्टी लावून पाहा. तोच २४ आणि ३६ चा हिशोब निघेल.

आणखी एक गोष्ट वाचली, ती आम्ही पत्नीला मोठ्याने वाचून दाखवली. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यूंना जर्मनीत जगणे अवघड झाले. त्या वेळी कारखान्याचे मालक दुसरे एर्न्स्ट लाइट्झ यांनी आपल्या ज्यू कामगारांना आणि त्यांच्या नातलगांना नोकरीच्या निमित्ताने परदेशी, विशेषतः अमेरिकेत पाठवून दिले. १९३९ साली युद्ध पेटेपर्यंत हे चालले. मालकांची मुलगी एल्सी हिने एका ज्यू बाईला स्वित्झर्लंडची सीमा ओलांडायला मदत केली, म्हणून १९४३ साली गुप्त पोलिसांनी तिला कोठडीत टाकले. पण त्याच कारखान्यात युद्धकाळात युक्रेनमधून धरून आणलेल्या बायकांना सक्तीने राबवले जात होते, हेही खरे आहे. त्यांचे हाल कमी व्हावेत म्हणून एल्सी धडपडली. एकाच छपराखाली दोन्ही गोष्टी होत्या.

हे वाचल्यावर तो गरुड आम्हाला अधिकच खुपू लागला. पण संग्राहकांच्या बाजारात त्या शिक्क्याला भाव जास्त. ज्या चिन्हाखाली लाखो माणसे मारली गेली, ते कोरलेले असले की वस्तू दुर्मिळ ठरते आणि किंमत वाढते. आम्हीही त्याच भावावर डोळा ठेवून होतो, हे लपवत नाही.

संग्राहकांचे जग निराळेच आहे. मुंबईचे दिलीश पारेख यांनी १९७७ पासून जुने कॅमेरे जमवले, ४,४२५ कॅमेऱ्यांसाठी त्यांचे नाव गिनेस बुकात गेले. दिल्लीजवळ गुरुग्रामला २०१९ साली आदित्य आर्य यांनी कॅमेऱ्यांचे संग्रहालयच उघडले. आणि ११ जून २०२२ रोजी वेट्झलारमध्ये एका लायकाचा लिलाव झाला. १९२३ साली चाचणीसाठी बनवलेल्या मोजक्या कॅमेऱ्यांपैकी तो एक, खुद्द बार्नाक वापरत होते तो. तो विकला गेला १ कोटी ४४ लाख युरोंना. आपल्या शंभर कोटी रुपयांहून जास्त! बी.कॉम.ला आम्हाला गुडविल नावाचे प्रकरण होते. दुकानातील माल, फर्निचर, येणे-देणे सगळे मांडून झाल्यावर नुसत्या नावाची म्हणून जी रक्कम वहीत धरतात, ती गुडविल. प्राध्यापकांनी पुष्कळ समजावले होते, पण ते नीट समजले या लिलावाची बातमी वाचून.

आम्ही पुण्याच्या एका संग्राहकाला कॅमेऱ्याचे फोटो पाठवले. गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, वस्तू खरी असेल तर मी घेतो, परंतु भिंग काढून आतला फोटो पाठवा. भिंग काढायची आमची छाती होईना. चौकशी करता कळले की अकोल्यात एक जुने कॅमेरा दुरुस्त करणारे चाचा आहेत, अमरावतीचे स्टुडिओवाले पूर्वी त्यांच्याकडेच जात.

फी भरायला पाच दिवस उरले होते. शनिवारी आम्ही एस.टी.ने निघालो. मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात कॅमेरा. मूर्तिजापूर गेले, बोरगाव मंजू गेले. हा अमरावती-अकोला रस्ता पूर्वी असा होता की पिशवीतला कॅमेरा सुटा होऊन गेला असता. २०२२ च्या जूनमध्ये यावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस बुकात विक्रम नोंदवला गेला. तो विक्रम पुरा झाला आणि चारच दिवसांनी तिकडे वेट्झलारला तो लिलाव. आम्हाला गाडीत बसून असले हिशोब जुळवायची खोड आहे. त्या दिवशी ती जास्तच लागली होती, कारण खिडकीबाहेर पाहिले की दीड लाखाचेच विचार येत.

चाचांचे घर जुन्या शहरात. पुढच्या दुकानात आता त्यांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, आणि मागच्या खोलीत चाचा. वय ऐंशीच्या पुढे, पण हात स्थिर. आम्ही टॉवेल सोडला. त्यांनी आधी माथ्यावरचा नंबर पाहिला, वहीतील एक जुनी यादी काढली. लायकाच्या प्रत्येक नंबराची नोंद असते, त्यावरून साल आणि नमुना कळतो. यादीप्रमाणे हा नंबर निघाला अंतर मापायची खिडकी नसलेल्या जुन्या नमुन्याचा, आणि आमच्या कॅमेऱ्याला तर खिडकी होती. आमचा चेहरा उतरला तसे चाचा म्हणाले, "थांबा साहेब, याच्यावरून काही ठरत नाही. जुन्याले नवी खिडकी कंपनीच बसवून देत होती, नंबर तोच ठेवून."

मग त्यांनी डोळ्याला घड्याळजीचे भिंग लावले आणि कॅमेऱ्याचे भिंग उलटे फिरवून काढले. आत डोकावले. बराच वेळ बोलले नाहीत.

"हे पाहा," त्यांनी काडीने दाखवले. आत वरच्या बाजूला एक बारीक दांडी असते, ती भिंगाच्या मागे टेकून त्याचे पुढे-मागे होणे खिडकीपर्यंत पोचवते. "खऱ्या लायकात या दांडीच्या टोकाले गोल चाकी असते, फिरनारी. इथं चाकी नाही, पाचरीसारखा भरीव तुकडा हाय. हा रशियाचा कॅमेरा. वरचं नाव घासून मागून कोरलं."

आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी कॅमेरा उजेडाकडे धरला आणि आतल्या काळ्या कापडी पडद्यावर काडी टेकवली. "आन् हे ठिगळ माह्या हातचं हाय. हा मास्तरचा कॅमेरा. अमरावतीचे मास्तर. हाय का नाही?"

ठिगळ त्यांनी ओळखले, कॅमेरा नंतर. हकिगत अशी. या जातीच्या कॅमेऱ्यात शटर म्हणजे रबर लावलेल्या कापडाचा पडदा असतो. भिंगावर झाकण न घालता कॅमेरा उन्हाकडे तोंड करून राहिला, तर भिंगाने कागद जळतो तसा तो पडदा जळतो आणि त्याला टाचणीएवढे भोक पडते. मग प्रत्येक फोटोत त्याच जागी पांढरा ठिपका. १९९८ च्या एप्रिलात मास्तरांकडून तसे झाले. आपल्या वऱ्हाडचे ऊन, त्याला काय लागते! मे महिन्यात ते अकोल्याला आले, चाचांनी काळे रबर लावून भोक बुजवले. त्याच वेळी कॅमेरा अस्सल नाही हेही त्यांनी मास्तरांना दाखवून दिले होते.

"मास्तर काय म्हणाले?" आम्ही विचारले.

"घडीभर बसले. मंग म्हणाले, चाचा, फोटो तर चांगले येते ना? म्या म्हटलं, येते. म्हणाले, मंग या गरुडावर काही लावून द्या, मले हा पाहावत नाही. निळी पट्टी मीच लावली. इथूनच नेली, माह्या डब्यातली."

चाचांनी चहा मागवला. रशियन कॅमेऱ्याची गोष्ट त्यांच्याकडून अर्धी कळली, उरलेली आम्ही घरी येऊन वाचली. युक्रेनमधील खारकोव्ह शहरात यादवी युद्धात आईबाप गमावलेल्या, रस्त्यावर वाढलेल्या मुलांसाठी १९२७ साली एक वसाहत स्थापन झाली. आंतोन माकारेंको हे शिक्षक ती चालवत. नाव मात्र ठेवले होते गुप्त पोलिसांचे प्रमुख झेर्झिन्स्की यांचे. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस कारखाना. त्या मुलांनी आधी विजेवर चालणारी भोके पाडायची यंत्रे बनवली, मग लायका सुटा करून, एकेक भाग मापून, तसाच कॅमेरा बनवला. १९३४ पासून तो ठोक प्रमाणात निघू लागला. झेर्झिन्स्कींच्या नावाची आद्याक्षरे घेऊन त्याचे नाव 'फेड'. युद्धानंतर मॉस्कोजवळच्या कारखान्यातून याच घडणीचा 'झोर्की' निघाला. सोव्हिएत संघ मोडल्यावर तेथील कारागिरांनी याच फेड-झोर्कींवर लायकाचे नाव आणि गरुड कोरून ते परदेशी पाहुण्यांना विकले. असे कॅमेरे जगभर पसरले, संग्राहक त्यांना ओळखून आहेत. त्यातलाच एक १९९६ च्या डिसेंबरात, चैत्यभूमीवरून परतण्यापूर्वी, मास्तरांनी मुंबईच्या एका जुन्या बाजारात सहा हजारांना घेतला.

हिटलरच्या जर्मनीच्या शिक्क्याखाली अनाथ पोरांनी आखून दिलेली घडण निघाली. शिक्क्याला दीड लाख आणि घडणीला पाच-सात हजार. जन्माच्या दाखल्यावरून किंमत ठरवण्याचा हा प्रकार आमच्या वाचकांना नवा नाही, म्हणून जास्त लिहीत नाही. आणि त्या दिवशी अकोल्याच्या बसस्थानकावर आम्हाला हे काही सुचलेही नव्हते. मावशींना काय सांगायचे, एवढेच डोक्यात होते.

निघताना चाचांनी विचारले, "मास्तरच्या निगेटिव्ह कुठं हाय?" आम्हाला माहीत नव्हते. आठ दिवस कॅमेऱ्याची उलाढाल चालली होती, पण हे विचारायचे आम्हाला सुचले नव्हते.

घरी आलो ते थेट मावशींकडे गेलो नाही. आधी आमच्या खोलीत आईच्या फोटोपुढे उभे राहिलो. आमच्या आईचा धड असा एकच फोटो आहे. एरवी मतदार ओळखपत्रावरचा, त्यात ती आई वाटतच नाही. हा फोटो १४ एप्रिल १९९८ चा, इर्विन चौकातला. पांढरे लुगडे, हातात पाण्याचा तांब्या, मिरवणुकीतील कोणाला तरी पाणी देताना मागे वळून हसते आहे. तीन वर्षांनी ती गेली. तिच्या उजव्या खांद्यावर एक पांढरा ठिपका आहे. आम्ही इतकी वर्षे समजत होतो की प्रिंट करताना काही पडले असेल. एकदा तर स्टुडिओत नेऊन तो ठिपका पुसून घ्यायचाही विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींकडे गेलो. मुलगी आणि तिचे वडील दोघे होते. आम्ही सगळे सांगितले, चाकी, पाचर, घासलेले नाव. मास्तरांना ठाऊक होते हेही सांगितले. ते सांगावे की नाही यावर रात्रभर विचार केला होता. मेलेल्या माणसाला बायकोसमोर खोटे पाडायचे का? परंतु अर्धे सांगितले असते तर उरलेले अर्धे चाचांकडून, कोणाकडून, कधीतरी कळलेच असते.

मावशी पुष्कळ वेळ डब्याच्या बकलाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "माही पोत मोडून आनला होता बाप्पा तो. मी लय भांडली तवा. म्हने, लाखाची चीज हाय. मंग अकोल्याहून आला आन् कॅमेऱ्याचं नावच काढे ना. मले वाटलं, भांडनाच्या धाकानं बोलत नाही." आणि त्या हसल्या. "म्हणजे पोत गेली ते गेलीच म्हना."

मुलगी हसली नाही. ती आमच्याकडे पाहत होती. तिचे वडील जमिनीकडे.

मावशीच म्हणाल्या, "तुमी काहून तोंड पाडून बसले, भाऊ? चा घ्या."

सोमवारी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मुलीच्या वडिलांना घेऊन पतसंस्थेत गेलो. अर्ज पुन्हा दिला. जामीनदाराच्या जागी आम्ही सही केली. सचिव ओळखीचे होते. म्हणाले, काय साहेब, तुम्ही तर कोणाला जामीन राहत नाही. खरे आहे, आम्ही राहत नाही. एकदा हात पोळले आहेत. कर्ज मंजूर व्हायला तीन दिवस लागले, फी शेवटच्या दिवशी दुपारी भरली गेली. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि हप्ते वेळेवर जात आहेत.

पुण्याच्या गृहस्थांना आम्ही खरे ते कळवले. त्यांचे उत्तर आले की नकली लायका जमवणारेही काही लोक आहेत, आठ हजार देतो. मावशींना सांगितले. त्यांनी नातीकडे पाहिले. नात म्हणाली, राहू द्या. आम्हाला वाटले होते तिला राग असेल, पण तिने कॅमेरा घेऊन खिडकीला डोळा लावला आणि अंगणातील बोरीच्या झाडाच्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणायचा प्रयत्न करू लागली. कडी उलटी फिरवत होती. आम्ही दाखवून दिले. मावशी मात्र म्हणाल्या, तो पक्षी पहिले झाका. आम्ही निळी पट्टी विकत आणून लावली.

निगेटिव्ह माळ्यावर निघाल्या. बिस्किटांचे अकरा पत्र्याचे डबे, वरून प्लॅस्टिक बांधलेले. प्लॅस्टिकनेच घात केला. दोन डबे उघडले तेव्हा शिरक्यासारखा आंबट वास आला, आतल्या फिल्मी चिकटून एक गोळा झाल्या होत्या. हवा कोंडली आणि ओल गेली की फिल्म अशी सडते. आपल्यापैकी कोणाच्या घरी जुन्या निगेटिव्ह असतील त्यांनी आजच प्लॅस्टिक काढावे, कोऱ्या कागदाच्या पाकिटांत एकेक पट्टी ठेवावी आणि डबा माळ्यावर किंवा मोरीजवळच्या भिंतीला न ठेवता कोरड्या कपाटात ठेवावा. खर्च पन्नास रुपयांचा नाही.

उरलेल्या नऊ डब्यांचे काम सुटीच्या रविवारी चालते. नात घरी आली असेल तर तीच करते. एका मोबाईलचा पडदा पूर्ण पांढरा करून त्यावर पातळ पांढरा कागद, कागदावर निगेटिव्ह, आणि दुसऱ्या मोबाईलने फोटो. मग काळ्याचे पांढरे करायची सोय मोबाईलमध्येच असते. मावशी खाटेवर बसून नावे सांगतात आणि आम्ही वहीत लिहितो. विहाराचा पाया खणताना घमेली वाहणाऱ्या बायका. रात्रीच्या शाळेतील कंदील. पुरात वाहून आलेला पलंग. आज ज्यांचे नातू नोकरीला लागले त्यांची उघडी-नागडी पोरपणची रूपे. काही चेहरे मावशींनाही ओळखता येत नाहीत, तेथे आम्ही प्रश्नचिन्ह करतो आणि वस्तीतील म्हाताऱ्यांना दाखवतो.

मास्तरांनी डब्यांवर साल लिहिलेले नाही. त्यामुळे ज्या रोलमध्ये उजवीकडे पांढरा ठिपका दिसतो, तो १९९८ च्या एप्रिल-मे मधला, असे धरून आम्ही ते रोल वेगळे काढतो. आतापर्यंत तीन डबे झाले, ठिपक्याचे दोन रोल मिळाले. इर्विन चौक आहे, मिरवणूक आहे, पाण्याचा माठ आणि तो तांब्याही आहे. आई अजून आलेली नाही. चौथा डबा पुढच्या रविवारी उघडायचा आहे.